जुनी हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला लावताना

अहिल्यानगर जिल्ह्यातील दूध संकलन केंद्रे, पतसंस्था, ग्रामपंचायतींची कार्यालये, आपले सरकार सेवा केंद्रे आणि तालुक्याच्या गावांतील डीटीपीची दुकाने यांचा रोजचा कारभार बहुधा एका संगणकावर आणि त्यातील एकाच हार्ड डिस्कवर चालतो. त्यामुळे तो संगणक बंद पडला की ही डिस्क काढून जशीच्या तशी दुसऱ्या संगणकाला लावली तर काम पूर्ववत सुरू होईल का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. त्यावर एकाकडून ‘लावा, चालेल’ आणि दुसऱ्याकडून ‘सगळे उडेल, फॉरमॅटच मारा’ अशी परस्परविरोधी उत्तरे मिळतात. दोन्ही उत्तरे काही परिस्थितींत खरी आणि काहींत महागात पडणारी आहेत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-सुधारणा थांबवल्यानंतर जुने संगणक बदलण्याचे प्रमाण वाढणे स्वाभाविक असल्याने, हा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा, याची मांडणी पुढे केली आहे.

डिस्कबरोबर काय जाते, काय जात नाही

डिस्कवर तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र नांदत असतात. पहिली म्हणजे माहिती, अर्थात सभासदांची खाती, दुधाच्या नोंदी, पत्रे, छायाचित्रे. दुसरी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचे भाग आणि वापरणाऱ्याचे प्रोग्राम यांचा मेळ घालणारी मूळ प्रणाली. विंडोज आणि लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे होत, आणि प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी तिच्यात ड्रायव्हर नावाचे छोटे प्रोग्राम असतात. तिसरी गोष्ट म्हणजे परवाने, कुलपे आणि ओळखखुणा. त्या पडद्यावर डिस्कचाच भाग असल्यासारख्या दिसत असल्या, तरी प्रत्यक्षात मदरबोर्डाशी, यूएसबी टोकनशी किंवा एखाद्या विशिष्ट पोर्टाशी बांधलेल्या असतात.

डिस्क हलवली असता पहिली गोष्ट पूर्णपणे जाते, दुसरी बहुधा जाते आणि तिसरी बहुधा जात नाही. डिस्क लावल्यावर विंडोज सुरू झालेले पाहून काम फत्ते झाले असे मानणाऱ्यांची फसगत याच तिसऱ्या गोष्टीत होते, कारण अडचण संध्याकाळच्या संकलनाच्या वेळी किंवा डिजिटल सही करताना उघडकीस येते. म्हणून जुनी डिस्क नव्या संगणकावर चालवणे ही खोळंबलेले काम पुढे नेण्यासाठीची तात्पुरती सोय समजावी, आणि कायमची व्यवस्था सवडीने, नव्या संगणकावर स्वच्छ विंडोज टाकून उभी करावी, हीच शिफारस या लेखात सर्वत्र गृहीत धरली आहे.

हलवण्याची खरोखर गरज आहे का

संगणक सुरू होत नाही याचा अर्थ मदरबोर्ड गेला असा होत नाही. ग्रामीण भागातील विजेचा दाब कमीजास्त होत असल्याने संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस हा डबा आधी निकामी होण्याची शक्यता मोठी असते, आणि तो बदलण्याचा खर्च नव्या संगणकाच्या मानाने अगदी थोडा असतो. त्याचप्रमाणे पंखा फिरतो पण पडद्यावर काहीच येत नाही, अशा वेळी रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी पिनांची कड साध्या खोडरबराने पुसून पुन्हा बसवल्यास संगणक चालू होण्याची उदाहरणे नित्याची आहेत. मदरबोर्डावरील नळकांडीच्या आकाराचे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा त्यांतून तपकिरी द्रव बाहेर आलेला दिसला, तर मात्र तो बोर्ड दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये.

दोष डिस्कमध्येच असेल, तर ती दुसऱ्या संगणकाला लावून काहीच साध्य होत नाही. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल, तर ती पुनःपुन्हा चालू करून पाहू नये, आणि विंडोजने डिस्क तपासण्याचा प्रस्ताव आपोआप पुढे केला तरी तो रद्द करावा; मरणासन्न डिस्कवर दुरुस्तीचा प्रयत्न चालवल्याने वाचू शकणारी माहितीही नष्ट होते.

आधी प्रत

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी माहितीची प्रत करून घेणे हा या कामातील एकमेव नियम असा आहे, की ज्याला अपवाद नाही. जुना संगणक चालू होत असेल तर बाहेरील डिस्कवर, आणि होत नसेल तर डिस्क बाहेर काढून यूएसबीला जोडणाऱ्या अडॅप्टरच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकावर ही प्रत घेता येते. केवळ डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन फोल्डर उतरवून घेणे पुरेसे नसते, कारण हिशेबाचे अनेक प्रोग्राम आपली माहिती सी ड्राइव्हच्या मुळाशी किंवा पब्लिक नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात, तर पतसंस्थांच्या प्रणाली ती डेटाबेसमध्ये ठेवतात. डेटाबेसची फाइल तो चालू असताना नुसती उतरवली तर ती अपुरी निघू शकते, म्हणून त्या प्रणालीतील बॅकअपची सोय वापरूनच प्रत काढावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते याची खात्री करावी.

संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करण्यासाठी क्लोनझिला हे मोफत साधन उपलब्ध आहे. त्यात ‘कोठून’ आणि ‘कोठे’ अशा दोन डिस्क निवडाव्या लागतात, आणि ही निवड उलटी झाली तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा जुन्या डिस्कवर उतरतो आणि सारे काही पुसले जाते; म्हणून दोन्ही डिस्कवरील लेबलांचे अनुक्रमांक कागदावर लिहून, पडद्यावरच्या क्रमांकांशी ताडूनच पुढे जावे. नक्कल झाल्यावर मूळ आणि नक्कल या दोन्ही डिस्क एकाच वेळी एका संगणकाला जोडू नयेत, कारण दोघींची अंतर्गत ओळख एकच असल्याने विंडोज त्यांतील एकीला बाजूला ठेवते आणि माहिती गेल्याचा गैरसमज होतो.

मार्ग कोणते आणि कोणता केव्हा

- डिस्क जशीच्या तशी हलवणे. दोन्ही संगणक साधारण एकाच पिढीचे असतील, विंडोज १० किंवा ११ असेल आणि काम त्याच दिवशी सुरू करणे भाग असेल, तर हा मार्ग योग्य.
- नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कवर, नक्कल करून ती लावणे. जुनी फिरती डिस्क चार-पाच वर्षे वापरलेली असेल तर हा मार्ग पहिल्यापेक्षा सुरक्षित, कारण मूळ डिस्क हात न लागता कपाटात राहते.
- नव्या संगणकावर स्वच्छ विंडोज टाकून माहिती तेवढी आणणे. वेळ जास्त लागतो, प्रत्येक प्रोग्राम पुन्हा टाकावा लागतो, पण पुढील काही वर्षांसाठी हाच मार्ग टिकाऊ.
- जुनी प्रणाली नव्या संगणकाच्या आत आभासी संगणक म्हणून चालवणे. विंडोज ७ वरच चालणारा, ज्याचा निर्माता आता उपलब्ध नाही असा प्रोग्राम असेल तर बहुधा हाच उपाय उरतो. डिस्क-टू-व्हीएचडी या साधनाने डिस्कची फाइल बनवून ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये उघडता येते.

विंडोज ७ बाबत वेगळा इशारा देणे आवश्यक आहे. त्या प्रणालीत यूएसबी ३ चे ड्रायव्हर मुळात नसल्याने नव्या संगणकावर ती सुरू झाली तरी कीबोर्ड आणि माउस दोन्ही मुके राहतात, आणि पासवर्ड टाकण्याच्या पडद्यापुढे जाताच येत नाही. शिवाय तिच्या सुरक्षा-सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजीच थांबल्या असल्याने ती इंटरनेटला जोडून ठेवणे, विशेषतः जेथे लोकांचे पैसे आणि आधार क्रमांक हाताळले जातात तेथे, सर्वथा अयोग्य आहे.

डिस्क बसेल का आणि सुरू होईल का

साटा केबलची डिस्क, मग ती जाड फिरती असो किंवा चपटी एसएसडी, बहुतेक डेस्कटॉपमध्ये बसते. लॅपटॉपमधील च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडी मात्र बाहेरून सारखी दिसली तरी साटा आणि एनव्हीएमई अशा दोन प्रकारची असते, आणि एका प्रकारासाठी असलेल्या खाचेत दुसऱ्या प्रकारची पट्टी बसली तरी ओळखली जाईलच असे नाही. तिच्यावरील लेबल वाचून आणि नव्या मदरबोर्डाच्या पुस्तिकेशी ताडूनच ती विकत घ्यावी किंवा हलवावी.

बसण्यापेक्षा सुरू होण्याचा प्रश्न अधिक नाजूक असतो. संगणक चालू होताच मदरबोर्डावरील मूळ प्रोग्राम डिस्कवरची ऑपरेटिंग सिस्टिम शोधतो, आणि हा शोध घेण्याच्या दोन पद्धती आहेत: जुनी बायोस पद्धत, जिला लेगसी असेही म्हणतात, आणि नवी यूईएफआय पद्धत. डिस्कची विभागणीही त्यानुसार एमबीआर किंवा जीपीटी अशा दोन प्रकारांनी केलेली असते. जुनी डिस्क लेगसी पद्धतीची आणि नवा संगणक केवळ यूईएफआय मानणारा असेल, तर डिस्क पूर्णपणे निर्दोष असूनही ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ असा संदेश येतो, आणि येथेच अनेक जण डिस्क खराब झाली असे समजून ती फॉरमॅट करून बसतात. आपल्या जुन्या संगणकाची पद्धत कोणती, हे तो चालू असताना ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ या ओळीत वाचता येते. नव्या संगणकाच्या सेटिंगमध्ये सीएसएम नावाची जुळवणीची सोय असेल तर ती चालू करून जुनी डिस्क सुरू करता येते, पण अलीकडच्या अनेक संगणकांत ही सोय काढून टाकलेली असते. विंडोज १० च्या २०१७ नंतरच्या आवृत्त्यांत एमबीआरचे जीपीटीत रूपांतर करणारे साधन अंगभूत आहे. ते डिस्क हलवण्यापूर्वी वापरावे, आणि अर्थातच प्रत घेतल्यानंतर.

दुसरी अडचण लॅपटॉपमध्ये अधिक आढळते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक यंत्रांत डिस्क व्हीएमडी किंवा रेड नावाच्या पद्धतीने हाताळली जाते, तर जुनी विंडोज एएचसीआय पद्धतीला सरावलेली असते, आणि मग निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हे शब्द येतात. बायोसमध्ये ती सेटिंग बदलून पाहावी. त्यानेही न जमल्यास विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू करावी, म्हणजे आवश्यक ड्रायव्हर जागे होतात.

डिस्क काढण्यापूर्वी

जुना संगणक अजून चालत असेल तर पुढील कामे त्यावरच उरकून घ्यावीत. तो कायमचा बंद पडल्यावर यांतील काही गोष्टी करताच येत नाहीत.

- बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरील मजकूर कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का ते पाहावे. असल्यास ती बंद करून डिस्क पूर्ण उलगडू द्यावी, किंवा निदान ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. नव्या लॅपटॉपांत ही सोय मालकाच्या नकळत चालू असते, आणि ती की सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली सापडते. की हरवल्यास डिस्कवरील माहिती कोणत्याही दुकानात परत मिळत नाही.
- संगणक बंद करताना शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ निवडावे. एरवी विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपी जाते आणि दुसऱ्या यंत्रावर जुनीच अवस्था जागी करण्याचा प्रयत्न करते.
- टॅलीसारख्या प्रोग्रामचा परवाना यंत्राशी जोडलेला असतो. तो जुन्या संगणकावरून ‘सरेंडर’ करावा, म्हणजे नव्यावर निर्विघ्न सुरू होतो.
- आयपी ॲड्रेस, संगणकाचे नाव, प्रिंटरचे पोर्ट आणि कॉम पोर्टांचे क्रमांक यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.
- नव्या संगणकात आधीपासून डिस्क असेल तर तिची केबल काढून ठेवावी, जेणेकरून दोन विंडोजची गल्लत होणार नाही.

फिरती डिस्क अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातून संगमनेरला दुचाकीवरून न्यायची झाल्यास ती डिकीत सुटी टाकू नये. फोममध्ये गुंडाळून, पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, अंगाजवळच्या पिशवीत न्यावी, आणि दमट हवेतून आणल्यावर तासभर कोरड्या खोलीत ठेवूनच जोडावी.

पहिल्यांदा सुरू होताना ‘डिव्हाइस तयार होत आहेत’ असा संदेश बराच वेळ राहतो. तो पाहून घाईने वीज बंद करू नये. त्यानंतर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पिवळ्या खुणा असलेले भाग पाहून नव्या मदरबोर्डाचे ड्रायव्हर टाकावेत, त्यांतही नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलेला असावा.

दूध संकलन केंद्राचा संगणक

या जिल्ह्यात दुधाचा व्यवहार गावोगाव पसरलेला आहे आणि केंद्रावरचा संगणक दिवसातून दोनदा, अंधारात आणि घाईत, वापरला जातो. म्हणून त्याच्या स्थलांतराचा विचार सविस्तर करणे इष्ट ठरते. वजनकाटा आणि दुधातील फॅट व एसएनएफ (स्निग्धेतर घनपदार्थ) मोजणारे यंत्र हे पुष्कळ ठिकाणी नऊ पिनांच्या सिरियल पोर्टाने जोडलेले असतात. विंडोज या पोर्टांना कॉम १, कॉम २ असे क्रमांक देते, आणि संकलनाचा प्रोग्राम काटा कोणत्या क्रमांकावर आहे हे पक्के धरून चालतो. नव्या संगणकाला हा पोर्ट बहुधा नसतोच, त्यामुळे यूएसबीचा कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि त्याला विंडोज कॉम ५ किंवा कॉम ७ असा भलताच क्रमांक देते. मग काट्याच्या पाटीवर वजन दिसते, संगणकाच्या पडद्यावर मात्र शून्यच राहते, आणि दोष डिस्कवर ढकलला जातो.

यावरचा उपाय सोपा आहे. ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील ‘पोर्ट्स’ या ओळीत कन्व्हर्टर निवडून, ‘पोर्ट सेटिंग्ज’ आणि तेथून ‘ॲडव्हान्स्ड’ असे जाऊन, जुन्या संगणकावर होता तोच क्रमांक त्याला द्यावा, आणि बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवण्याचा वेगही, पूर्वीचाच ठेवावा. वेग चुकला तर आकड्यांऐवजी निरर्थक चिन्हे येतात. स्वस्त कन्व्हर्टर एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत लावला की त्याचा क्रमांक पुन्हा बदलतो, म्हणून ज्या खाचेत तो लावला तिच्यावर खूण करून ठेवावी. प्रोलिफिकच्या जुन्या चिपचे काही कन्व्हर्टर नव्या ड्रायव्हरला चालत नाहीत, हेही खरेदीपूर्वी दुकानदाराला विचारून घ्यावे.

हे काम सकाळचे संकलन आटोपल्यावर सुरू करावे, आणि दहा दिवसांची बिले निघण्याच्या दिवशी मुळीच करू नये. संध्याकाळच्या पाळीपूर्वी काट्यावर आधीच माहीत असलेले वजन ठेवून पाटीवरचा आणि पडद्यावरचा आकडा जुळतो का ते पाहावे, एक नमुना मोजावा, एक पावती छापावी आणि त्या पावतीवरची रक्कम दरपत्रकावरून हाताने काढून पडताळावी. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या पायावर ठरवण्याची पद्धत असल्याने, दरपत्रक जुने उघडले गेले तर लिटरमागे काही पैशांचा फरक पडतो आणि तो प्रत्येक उत्पादकाच्या बिलात दहा दिवस साचत राहतो. नव्या संगणकाची तारीख आणि वेळ तपासणेही तितकेच महत्त्वाचे, कारण त्यांवरूनच नोंद सकाळच्या की संध्याकाळच्या पाळीत पडते. स्वच्छ विंडोज टाकली असेल तर प्रदेश म्हणून भारत निवडला आहे का तेही पाहावे. अमेरिकी पद्धत राहिली तर महिना आधी आणि दिवस नंतर येतो, आणि ५ जूनची नोंद ६ मे म्हणून वाचली जाते. पहिल्या दिवशी कागदी वहीत समांतर नोंद ठेवणाऱ्या केंद्राला पुढे कोणाशीही वाद घालावा लागत नाही.

पतसंस्था, ग्रामपंचायत आणि डीटीपीचे दुकान

ज्या जिल्ह्यात १९५० मध्ये प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने सहकाराला नवी दिशा दिली, तेथे पतसंस्थेच्या सर्व्हरची डिस्क हलवणे ही सभासदांच्या विश्वासाशी निगडित बाब आहे. सर्व्हरचे नाव आणि आयपी ॲड्रेस बदलला तर इतर टेबलांवरचे संगणक त्याला शोधू शकत नाहीत. डिस्क जशीच्या तशी हलवली असता नाव टिकते, पण नवे नेटवर्क कार्ड आपोआप वेगळा ॲड्रेस घेते. जुना ॲड्रेस पुन्हा देताना ‘हा दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे’ असा संदेश आल्यास घाबरण्याचे कारण नाही, कारण तो आता अस्तित्वात नसलेल्या कार्डाविषयी असतो. जुना आणि नवा सर्व्हर एकाच वेळी नेटवर्कवर चालू ठेवू नये. पासबुक छापण्याचा प्रिंटर पॅरलल पोर्टाचा असेल तर त्याची तजवीज आधी करावी, आणि ३१ मार्चच्या आगेमागे हे काम हाती घेऊ नये.

ग्रामपंचायतीत आणि सेवा केंद्रात डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरले जाते. सहीची खासगी किल्ली टोकनमध्येच असल्याने ती डिस्कबरोबर जात नाही आणि हरवतही नाही. नव्या संगणकावर त्या टोकनचा ड्रायव्हर आणि सही करून घेणारा प्रोग्राम तेवढा चालू आहे का ते पाहावे लागते. अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्राची आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सेवाही अशीच तपासावी. संगणक शासकीय मालमत्ता असेल तर त्याची डिस्क काढणे, बदलणे किंवा दुकानात देणे याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत झाल्याशिवाय कोणीही स्क्रू सैल करू नये; हा नियम कर्मचाऱ्याच्याच संरक्षणाचा आहे.

डीटीपीच्या दुकानांत आणि जुन्या दफ्तरांत युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांतील फाइलींचा मोठा साठा असतो. अशी फाइल तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसतो. मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट तेवढा नसतो. म्हणून विंडोजमधील फॉन्ट्स हा फोल्डर पूर्णच उतरवून ठेवावा. लिपीची जी सॉफ्टवेअर डोंगल नावाच्या यंत्रकुलपावर चालतात, त्यांचे कुलूप पॅरलल पोर्टाचे असेल तर नव्या संगणकात ते लावायला जागाच नसते, आणि निर्मात्याकडून ते बदलून घेणे एवढाच रास्त मार्ग उरतो.

विंडोजच्या परवान्याचे काय

संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो आणि डिस्कबरोबर तो दुसऱ्या यंत्रावर जात नाही. स्वतंत्रपणे विकत घेतलेला रिटेल परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर वापरता येतो. तो मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवला असेल तर ‘ॲक्टिव्हेशन’च्या पानावर हार्डवेअर बदलल्याचे सांगून पुन्हा सुरू होतो. नव्या कंपनी-निर्मित संगणकाला स्वतःचा परवाना असतो आणि तो बहुधा आपोआप लागू पडतो, मात्र आवृत्ती एकच असावी लागते: जुन्या डिस्कवर प्रो आणि नव्या यंत्राचा परवाना होमचा असेल तर तो लागू पडत नाही.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सेकंडहँड संगणक हे पाहूनच घ्यावा. विंडोज १० वर वैयक्तिक वापरासाठी नोंदणी करून वाढीव सुरक्षा-सुधारणा घेण्याची मुदत मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली आहे, तेवढ्या काळात कायमची व्यवस्था करून घ्यावी.

लिनक्सची डिस्क हलवणे तुलनेने सोपे असते, कारण बहुतेक ड्रायव्हर तिच्या गाभ्यातच असतात आणि परवान्याचे बंधन नसते. यूईएफआय यंत्रावर बूटची नोंद नव्याने करावी लागू शकते आणि नेटवर्क कार्डाचे नाव बदलते, एवढेच लक्षात ठेवावे. ज्या शाळेला किंवा वाचनालयाला केवळ इंटरनेट आणि लेखनासाठी संगणक हवा आहे, त्या संस्थेने उबंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही प्रणाली विचारात घ्यावी. त्यामुळे जुने यंत्र भंगारात जाण्याचेही टळते.

दुकानात काम देताना आपले हक्क

- डिस्कचा अनुक्रमांक, क्षमता आणि करावयाचे काम लिहिलेली पावती घेतल्याशिवाय यंत्र देऊ नये; ‘माहिती पुसायची नाही’ हे त्या पावतीवर लिहून घ्यावे.
- काढलेला प्रत्येक जुना भाग, विशेषतः जुनी डिस्क, परत मागावा.
- बिल जीएसटीसह घ्यावे आणि नव्या एसएसडीच्या वॉरंटीचा अनुक्रमांक त्यावर असल्याचे पाहावे.
- चोरीची विंडोज किंवा फोडलेले सॉफ्टवेअर ‘असेच टाकून देतो’ असे कोणी म्हटले तर नकार द्यावा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-बी नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही शिक्षा आणि दंड होऊ शकतो.

दुरुस्तीत हलगर्जीपणा झाल्यास प्रथम लेखी तक्रार दुकानदाराकडे करावी, नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असलेली तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखल करता येते; मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्यातून वगळलेली असली, तरी केवळ स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका करण्यासाठी घेतलेली सेवा वगळलेली नाही, म्हणून स्वतः चालवत असलेल्या सेवा केंद्राच्या किंवा डीटीपीच्या दुकानाच्या मालकाने ‘व्यवसायासाठी घेतले आहे’ या उत्तराने माघार घेऊ नये.

जुन्या डिस्कचे काय करावे

नवा संगणक व्यवस्थित चालू लागल्यावरही जुनी डिस्क लगेच पुसू नये. निदान एक महिनाअखेर, दुधाच्या दोन-तीन बिलांची फेरी किंवा पतसंस्थेचे एक लेखापरीक्षण पार पडेपर्यंत ती लेबल लावून कोरड्या कपाटात ठेवावी, कारण राहून गेलेली एखादी फाइल अशाच वेळी आठवते. त्यानंतर मात्र सभासदांची नावे, खाती आणि आधारच्या प्रती असलेली डिस्क जुन्या बाजारात विकणे किंवा भंगारवाल्याला देणे हा थेट लोकांच्या माहितीशी केलेला दगा ठरतो. फाइली डिलीट केल्याने किंवा झटपट फॉरमॅटने त्या खरोखर पुसल्या जात नाहीत. फिरती डिस्क पूर्णपणे शून्यांनी भरावी लागते, आणि एसएसडीसाठी निर्मात्याचे सिक्युअर इरेजचे साधन वापरावे लागते. चालतच नसलेली डिस्क ड्रिलने आरपार भोके पाडून निकामी करावी आणि ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावी. संस्थेच्या बाबतीत डिस्कचा अनुक्रमांक, ती कशी पुसली आणि कोणाला दिली हे नोंदवहीत लिहून त्यापुढे तारीख आणि जबाबदार व्यक्तीची सही घ्यावी.